मंगळवार

सात शाळा, एक पिशवी.
भांडुपच्या या शाळेला माझा वार मंगळवार.
पिशवीत मणी, कपड्यांचे चिमटे, जाड रेघांची वही,
कोपऱ्यात टवका उडालेलं भिंग,
आणि अकरा महिन्यांचा करार,
त्याचा दहावा चालू आहे.

मला दिलेली खोली जिन्याखालची.
तिथे तांदळाची पोती, मोडके बाक,
मागच्या मतदानाचे पुठ्ठ्याचे फलक.
'प्रवेश' लिहिलेला मी दाराला लावलाय.
'बाहेर' लिहिलेला
भिंतीकडे तोंड करून उभा आहे, शिक्षा केल्यासारखा.

रुकय्या नाक वहीला टेकवून वाचते.
म्हणते, अक्षरांना वास असतो, बाई,
'ळ'ला सगळ्यात जास्त.
तिचा चष्मा जुलैपासून मंजूर आहे.
अजूनही मंजूरच आहे.

सुयोगचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट आहे. लिफ्टला कुलूप आहे.
कुलपाला किल्ली आहे.
किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत.
म्हणून घागमामा त्याला पाठुंगळी घेतात
आणि वळणावर थांबून म्हणतात,
हलका झालास रे.
तो हलका होत नाहीये.
सहावीत आहे, मिसरूड फुटेल आता.
खाली उतरताना तो डोळे मिटून घेतो,
मुली बघतात म्हणून.

आणि प्रज्योत.
नऊ वर्षांचा. फिरत्या पंख्याची पाती मोजतो.
मोजतो असं मला वाटतं,
कारण ओठ तीनदाच हलतात.
आवाज मात्र दोन वर्षांत कुणी ऐकला नव्हता.
त्याची आई, विमलताई, फाटकाशी बसून असते,
सात ते साडेबारा,
मुलुंडची चार कामं सोडून.
कधी मुलाला पाणी पाजते,
कधी उगाच आमच्या आवारातला पाला झाडते.

डिसेंबरात एकदा मी फाटकातून आत आले
आणि तो म्हणाला, मंगळवार.
स्पष्ट. 'ळ'सकट.
विमलताईंनी हातातला डबा जमिनीवर ठेवला.
पुन्हा म्हण, म्हणाल्या. पुन्हा म्हण ना रे.
तो पंख्याकडे निघून गेला.
मी अहवालात लिहिलं:
'वारांची ओळख. सुरुवात समाधानकारक.'

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी,
स्टेशनाबाहेर मी मेथीच्या जुडीचा भाव करत होते.
समोरून आईचं बोट धरून तो आला,
थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला,
मंगळवार.

जुडी घ्यायची राहिली.
अहवालातली ती ओळ खोडावी की नाही,
हे अजून ठरलेलं नाही.

जानेवारीत वेळापत्रक बदललं.
भांडुप आता शुक्रवारी. कारण दिलं नव्हतं,
कारण आम्हांला देत नाहीत.
त्या मंगळवारी तो दप्तर पाठीला लावून
फाटकाचा गज धरून उभा राहिला,
मधली सुट्टी झाली, तरी उभा,
हे मला विमलताईंनी सांगितलं, तक्रार न करता,
तेच जास्त लागलं.

शुक्रवारी गेले. त्याने माझं बोट धरलं,
थेट वर्गात नेलं आणि सगळ्यांना सांगितलं, मंगळवार.
पोरं हसली. साबळेबाई म्हणाल्या,
अरे, आज शुक्रवार. फळ्यावर बघ.
त्याने बघितलं.
मग तळहाताने वार पुसला, खडू उचलला.
म काढला, ग काढला, ळ पाठमोरा,
वा आणि र एकमेकांत अडकलेले,
आणि शेवटी अनुस्वार,
टाचा उंचावून, इतक्या वर
की तो फळ्यावर मावला नाही,
भिंतीवर पडला.

साबळेबाईंनी डस्टर उचललं.
थोडा वेळ हातातच धरलं.
मग मुलांना म्हणाल्या, काढा गणिताची वही.

मी खाली जाऊन मस्टरवर सही केली.
वाराच्या रकान्यात शुक्रवार लिहिलं,
लिहावंच लागतं, त्यावर पगार निघतो.

फळा काय, दुसऱ्या दिवशी पुसला गेला.
भिंतीवरचा ठिपका अजून आहे.

काल विमलताईंनी विचारलं,
जूनमध्ये तुम्हीच ना?
मी पिशवीत भिंग शोधत राहिले.
भिंग रुकय्याकडे होतं.