सातचा ठोका

त्या उन्हाळ्यात लिस्का पाण्याचं भांडं चाटून कोरडं करायची,
भरलं की पुन्हा कोरडं.
स्लाव्काला वाटलं, ऊन आहे.
मग एका रात्री स्वयंपाकघराच्या फरशीवर थारोळं,
नऊ वर्षांत पहिल्यांदा,
आणि लिस्काचा चेहरा असा
की हे दुसऱ्याच कुणाच्या कुत्र्यानं केलंय.
स्लाव्का ओरडली तिच्यावर.
ते तिला अजून आठवतं.

मुंग्यांना आधी कळलं होतं.
मागच्या दाराशी, लिस्का बसायची त्या गवतात,
त्यांची काळी रेघ लागली होती.
शेजारचा विंको म्हणाला, पाऊस येणार.
पाऊस आला नाही.

डॉक्टर कोबाल, असेल तिशीची,
आकडा कागदावर लिहून कागद फिरवून दाखवते.
"तुमच्या हातून काही चुकलं नाही," न विचारताच.
स्लाव्का विचारते, "आणि मध?"
चाळीस वर्षं माश्या पाळतेय,
पेट्या उघडल्या की बोटाला लागलेलं हिला चाटायला.
डॉक्टर जरा थांबते.
"त्यानं झालं नाही. पण आता बंद."

ह्याला त्यांच्या भाषेत साखरेचा आजार म्हणतात.
आपण नाव ठेवताना मधाचं ठेवलं.
स्लाव्काला कुणी हे सांगू नये.

आता सकाळी सात, संध्याकाळी सात.
आधी जेवण. वाटी रिकामी झाली का बघायचं,
तशीच उरली तर सुई भरायची नाही, फोन करायचा.
बाटली तळहातांत हळू घोळवायची, फेस नको.
बरगडीवरची सैल कातडी चिमटीत,
काल डावीकडे, आज उजवीकडे.
पहिल्याच दिवशी सुई आरपार गेली,
केस ओले झाले,
अर्धं गेलं की सगळंच, कळेना.
"पुन्हा द्यायचं नाही," कोबाल फोनवर म्हणाली,
"एक वेळ कमी पडलं तर चालेल. जास्त नाही चालणार."
स्लाव्कानं ते खडूनं फडताळाच्या दारावर लिहिलं.
हजारो डंख खाल्लेला हात,
तो कापायला लागला एका बारीक सुईपाशी.

ऑक्टोबर संपताना सगळा देश घड्याळ तासभर मागे घेतो.
माश्यांना त्याचं काही नाही,
लिस्काच्या रक्तालाही नाही.
स्लाव्का रोज पाव तास सरकत सरकत
चौथ्या दिवशी चर्चच्या घंटेला गाठते.
तोवर गावात एक वाजलेलं असतं, ह्या घरात दुसरंच.

नोव्हेंबरात ससा दिसला.
गोठलेल्या कुरणातून लिस्का डोंगरापर्यंत पळाली,
आपण आजारी आहोत हे विसरून,
आणि परत येताना कुंपणाशी तिचे मागचे पाय
दारू प्यायल्यासारखे.
नजर स्लाव्कावर, पण स्लाव्का तिला दिसत नव्हती.
तळघराला कुलूप होतं. किल्ली ॲप्रनमध्ये. ॲप्रन दोरीवर.
बकव्हीटच्या फुलांचा, काकवीसारखा काळा मध
बोटानं हिरड्यांवर चोळला,
घशात ओतला नाही, चोळला,
पुन्हा चोळला,
आणि ज्या देवाशी तिचं नवऱ्याच्या दफनापासून बोलणं नव्हतं
त्याला एक शिवी दिली.
किती वेळ गेला ते तिनं मोजलं नाही.
मग जिभेनं बोट शोधलं.

कोबालनं मात्रा दोन युनिटनं उतरवली.
एक छोटी बाटली आता कोटाच्या खिशात असते,
दुसरी ट्रॅक्टरच्या सीटखाली.

मार्चपर्यंत डोळे दुधाळ झाले.
शस्त्रक्रिया होते, ल्युब्ल्यानात. स्लाव्का अजून हिशेब करतेय.
पेट्यांच्या रंगवलेल्या फळ्यांना लिस्का आता धडकत नाही,
गुणगुण ऐकून वळसा घालते.
विंको म्हणतो, एवढं कशाला, म्हातारी झाली ती.
"मीही," म्हणते स्लाव्का, आणि त्याला कॉफी देत नाही.

संध्याकाळी सातचा ठोका पडतो.
वाटी चाटून लिस्का चुलीपाशी येते,
आपणहून डावी बाजू पुढे करून उभी राहते.
आज उजवीची पाळी.
स्लाव्का तिला वळवत नाही.
गुडघा धरत उठते,
पलीकडे जाऊन बसते.