उजव्या हाताची

सलमाबादच्या गल्लीत शुक्रवारी सकाळी
सगळी शटरं बंद. कुंजुमोनचं तेवढं अर्धं वर.
खाली वाकून आत शिरायचं,
गुडघ्याला एक शिवी हासडून.

आत मॉरिस. सत्तावन्नची.
हाजी मक्कींच्या वडिलांनी घेतलेली,
मोती संपून तेल कंपनीत कारकुनी लागली
त्यालाही बरीच वर्षं झाल्यावर.
स्टिअरिंग उजवीकडे, कारण तेव्हा बहरीनमध्येही
डावीकडून चालायच्या गाड्या, आपल्या चिपळूणसारख्या.
मग एका नोव्हेंबरात सबंध बेटाने बाजू बदलली.
हिने नाही.

मी फार काही करत नाही तिचं.
तेल ओततो. ती ते फरशीवर सांडते.
पुन्हा ओततो.
किंगपिनला ग्रीस मारत राहतो
जुनं काळं बाहेर येऊन मागून मधासारखं नवं दिसेपर्यंत.
कार्बोरेटरच्या डोक्यावरची पितळी टोपी फिरवून
आत चमचाभर तेल, बाळाच्या टाळूला घालतात तितकंच.
तेराचा पाना सैल, बाराचा शिरत नाही;
इंची पान्यांचा संच वेगळा,
अनघाच्या जुन्या ओढणीत गुंडाळलेला.

ऑगस्टात सिग्नलला थांबली
की पेट्रोल नळीतच उकळतं. ती खोकते,
मागची लँड क्रूझर बोंबलते.
म्हणून जराशी सुधारणा: रेडिएटरपुढे विजेचा पंखा.
पहिल्यांदा उलटा फिरला,
कारण हिची वीजही उलटी, धन टोक अंगाला.
तारा बदलल्या. नळीला काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळली,
मुरगळलेल्या पायाला गुंडाळतात तशी.
पंखा उद्या काढला तर पत्र्याला
नवं भोक एकही दिसणार नाही.
ही अट हाजींची. किल्ली देताना म्हणाले,
बदल हवं ते, पण तिला कळू देऊ नकोस.

वॉटर पंपाचं गॅस्केट इथे मिळेना.
इंग्लंडहून येईल, सहा आठवडे, दुकानदार म्हणाला.
भावाला फोन केला. त्याने कराडच्या
टॅक्सी स्टँडमागून अँबॅसिडरचं उचललं,
खोबऱ्याच्या वड्यांच्या डब्यात तळाशी घालून धाडलं.
बसलं. तंतोतंत बसलं.
कुंजुमोन मल्याळीत हसला.
तेव्हापासून तिच्या पोटात
लोखंड इंग्रजांचं, पाणी समुद्राचं गोडं केलेलं,
मध्ये कराडचा कागद,
त्याला ओलसर वेलदोड्याचा वास.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती.
मॉलच्या पार्किंगचं यंत्र डावीकडे.
तिथे अनघा बसायची. बोलणं न थांबवता हात काढायची,
तिकीट दातात धरून पर्समध्ये चष्मा शोधायची.
लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली,
मग दुसऱ्याही. मग तिथेच राहिली.
रुसून नाही. म्हणते, इथे झोप लागते.

मी वेताच्या काठीला कपड्यांचा चिमटा बांधला.
दोनदा नेम चुकतो, तिसऱ्यांदा बटण दबतं,
तिकीट चिमट्यात फडफडत येतं, गळाला बोईट यावी तसं.
मागचे आता हॉर्न देत नाहीत,
व्हिडिओ काढतात.

त्यातला एक फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला.
रात्री फोन. हसून हसून ठसका.
मग म्हणाली, काठी झकास आहे,
पण काढता येते ना?
भोक नाही ना पाडलंस कुठे?

नाही, म्हटलं. नुसती ठेवलीये,
तुझ्या जागेवर.
त्या सीटला पट्टा नाही.
डाव्या वळणावर
माझ्या अंगावर येते.