पलतड

फोंड्याच्या पोलीस ठाण्यात
भाडेकरूंच्या फॉर्मवर चार चौकोन होते:
पर्यटन, व्यापार, शिक्षण, औषधोपचार.
हवालदार गावस म्हणाला, पर्यटनावर खूण करा बाई,
गोव्यात सगळे तेच करतात.
झरमीनानं माझ्याकडे पाहिलं.
तिच्या हातात निळं कार्ड, कडा घामानं मऊ झालेल्या,
आणि बोटाला धरून सात वर्षांची पलवशा,
पंख्याची पाती मोजणारी.

परतीची तारीख?
ह्या रकान्याशी आम्ही सगळेच अडलो.
मग गावसनं एक आडवी रेघ मारली,
पेन्सिलीनं. म्हणजे खोडता येईल.

खोली मागच्या पडवीतली,
सोलं सुकवायची, फुटक्या घागरी ठेवायची.
भाडं काय सांगावं मला कळेना.
कमी घेतलं तर उपकार होतो,
पुरतं घेतलं तर रात्री झोप येत नाही.
शेवटी म्हटलं, विजेचं बिल तेवढं तुझं.
त्या रात्री तिनं अंधारातच भाकरी भाजल्या.

शेजारचे प्रियोळकर कुंपणावरून म्हणाले,
कोण, कुठली, काय शिजवते.
शाळेनं दाखला मागितला.
मी म्हटलं, ती शाळाच आता नाही हो.
बाई बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या,
मग म्हणाल्या, सोमवारी डबा देऊन पाठवा.

आमची देवी तरी इथली कुठे आहे?
साडेचारशे वर्षं झाली,
एका रात्री तिला जुवारी ओलांडून आणली,
गोणपाटात गुंडाळून, वरून भाताचा पेंढा.
इथं कुणीतरी आपल्या कुळागरातली जागा दिली.
कुणी, ते कुठं लिहिलेलं नाही.
तिच्या मागून आम्ही आलो.
अजून लग्नपत्रिकेवर त्या गावाचं नाव घालतो
जिथं आमचं साधं तुळशीवृंदावनही नाही.
गाऱ्हाण्यात भटजी आधी तेच नाव घेतात.
आणि अजून, देवळात मानावरून वाजलं
की कुणीतरी म्हणतंच:
ती काय, पलतडची.

मार्गशीर्षात गावस फेरतपासणीला आला.
अंगणात सुपाऱ्या सोलणाऱ्या बायका,
त्यांच्यात पलवशा, हात तपकिरी.
त्यानं सहज विचारलं, इथं कुणीही कुणालाही विचारतं तसं,
"तूं खंयचें गो?"
तिनं मान वर न करता सांगितलं,
"पलतडचें."

बायका हसल्या. गावसही हसला,
मग एकदम फाईल उघडून पानं चाळत राहिला.
पेन्सिल कुठं ठेवली ते सापडेना.

झरमीनानं चहा आणला,
वेलदोड्याचा, बिनसाखरेचा,
बशीत खडीसाखर वेगळी.
तो खडा टाकून ढवळू लागला.
तसं नाही, म्हणाली पलवशा,
आणि एक खडा दातांत धरून
त्याला दाखवलं.