स्थिर आकार

उमाळकर मेलबर्नला, लेकीकडे, सहा महिने.
किल्ली माझ्याजवळ, सुतळीत ओवलेली,
आणि लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी:
रविवारी स्कूटर सुरू करायची,
नळ सोडून बघायचा, कुंड्या,
‘अन् सिलिंडरवाल्याला नाही म्हणजो बावा.’

खामल्यात पंचेचाळीस डिग्री. तिकडून ते
स्वेटर घालून विचारतात, मोगरा आहे का?
आहे, म्हणतो. दोनातला एक आहे.

स्कूटर सुरू करतो, जागच्या जागी.
धूर फाटकापर्यंत जातो, मी जात नाही.
एकदा मात्र निघालोच, छत्रपती चौकापर्यंत.
उसाचा रस प्यालो, परत येऊन
आरसा होता तसा वळवून ठेवला.

काल विजेचं बिल आलं. वापर शून्य युनिट.
तरी रक्कम आहेच. स्थिर आकार,
कुणी राहो न राहो.

रांगेत उभा राहून भरलं.
खिडकीतल्या पोरीनं विचारलं, नाव?
उमाळकर, म्हटलं मी,
आणि तिला ते पटलं.

पावती त्यांच्या टीव्हीखाली सरकवली.
पंखा लावला. बसलो जरा,
त्यांच्याच खुर्चीत, डोळा लागेपर्यंत.

पुढच्या बिलात
एखादं युनिट दिसेल.