अडीचशे फिल्सला एक

ईसा टाउनच्या जुन्या बाजारात, शनिवारी सकाळी,
शफीकुल गोणपाट उलटं करतो
आणि बाहुल्या पडतात चार्जरांवर, कढयांवर,
पाय वर, झगे गायब,
हसू मात्र सगळ्यांचं जागच्या जागी.
अडीचशे फिल्सला एक. पाच घेतल्या तर दिनार.

मी डोकी दाबून बघते, आंबे बघावेत तशी.
मान फिरते का, गुडघा मोडताना टक् वाजतं का,
पण कान आधी.
कुणीतरी हौसेनं टोचलेली पितळी कुडी
वर्षानुवर्षं झिरपत राहते रबरात,
हिरवं गालापर्यंत चढतं.
ये बीमार है दीदी, शफीकुल म्हणतो,
ऐसेइच ले जाओ.

दिवसभर मी गुदैबियाच्या लॅबमध्ये दात करते.
आधी मेणाचे, मग ॲक्रिलिकचे,
न पाहिलेल्या जबड्यांना मापाचं हसू.
रात्री तोच ब्रश, तोच भिंगाचा दिवा.
ॲसिटोनचा बोळा फिरवला की
कारखान्यातले डोळे निळं पाणी होऊन निघून येतात
आणि मग ते जे समोर उरतं, कोरं,
ते बघून जेसी ताट घेऊन आतल्या खोलीत जाते.
मला मराठीत बरं पडतं:
डोळे काढले,
मग डोळे काढले.
तपकिरी, किंचित जागरणाचे. एक भुवई वर,
आमच्या रोवेनासारखी,
जिला कुणी सांगितलेलं काहीच पटत नाही.

केसांचं काम वेगळं. डोकं गरम पाण्यात मऊ करायचं,
जुना गुंतवळ आतून उपटायचा,
सुईनं एकेक बट ओवायची.
सातशे बारा भोकं.
अर्धी बिल्डिंग सुट्टीला गावी गेली होती
तेव्हा मोजली.

तर गेल्या महिन्यात एक आली,
ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत बॉलपेननं,
आपल्या अक्षरांत:
कोणी हात लावू नये
वेलांटी थेट मानेवर गेलेली. खाली नाव नाही.
आणि मी तिला दोन्ही हातांनी धरून
भर बाजारात उभी.

कुणाच्या बाबांचा व्हिसा संपला असेल,
सामान तीस किलो,
वजनकाट्यापाशी आई म्हणाली असेल, एकच घे.
किंवा असलं काहीच नसेल.
मोठी झाली असेल, झालं.
पोरी मोठ्या होतात, ह्याचं रडगाणं किती लावायचं.

शाईवर माझ्याकडे उपाय आहे.
मुरमांचं मलम, त्यावर प्लास्टिकचा तुकडा,
आणि गच्चीवर जूनचं ऊन,
जे दुपारी माणसाला दाराबाहेर पाय ठेवू देत नाही
पण शाई चाटूनपुसून खातं.
तीन दिवस टाकीशेजारी ठेवली, पालथी.
रोज दोन वाजता जेसीला फोन: गेली का गं?
ती रात्रपाळीची. झोपेतून विचारायची, कोण?

चौथ्या दिवशी खाली आणली, धुतली.
दोन्ही खांदे स्वच्छ.
पाठीच्या मधल्या पन्हळीत मलम वाळून गेलं असणार.
"कोणी" गेलं होतं. "नये" गेलं होतं.
फिकट जांभळं, मधोमध,
एवढंच उरलं होतं:
हात लावू

मी दिवा जवळ ओढला. भिंग पुसलं. पुन्हा वाचलं.
मलमाची नळी अजून निम्मी होती,
जून तर निम्म्याहून जास्त.

कानांचं हिरवं काढलं. केस काळे ओवले, आखूड.
भुवई वर.
जेसीच्या विटलेल्या युनिफॉर्मचा झगा शिवला
आणि पाठीवर बटणं लावली, तीन,
उघडता येतील अशी.