बॉनेटला भोक

सान हुआनमध्ये सोंडा सुटला
की लोक खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबतात.
डोंगरावरून उतरता उतरता तापत येतो तो वारा.
बाबा मात्र गॅरेजचं दार सताड उघडून
जुन्या फियाटपाशी उभे.
इंजिन धापा टाकतंय, काटा शंभराच्या पुढे.

त्यांनी बॉनेट मागच्या बाजूने उचललं होतं,
बिजागऱ्यांखाली दोन-दोन वॉशर घालून.
"गरम हवा वरच जाते."
सगळा गाव हेच करतो.

मी नेलिदा आत्याच्या अर्धवट स्वेटरची
लाल लोकर उसवली,
बोटबोटभर तुकडे पत्र्यावर चिकटवले.
ऑलिव्हच्या बागांमधला सरळ रस्ता.
फियाट रुफिनोकडे, पिकअप बाबांकडे,
मी मागच्या हौद्यात, गुडघ्यावर वही.

ऐंशीचा वेग.
पुढचे धागे सुतासारखे सरळ,
मधले पत्र्याला बिलगून निजलेले.
पण काचेच्या पायथ्याशी
धागे उलटे वळले
आणि फटीतून आत शिरले,
आत कुणी जेवायला बोलावल्यासारखे.

हवा तिथून निघत नव्हती, घुसत होती.
समोरच्या जाळीतून आलेली एक, मागच्या फटीतून आलेली दुसरी,
दोघी इंजिनवर एकमेकींची वाट अडवून.

"इथे कापायचं."
रेडिएटरच्या जरा मागे, चढ संपून
बॉनेट सपाट होतं तिथे, मी खडूने रेघ मारली.
बाहेरची हवा तिथे पत्र्यापासून सुटू बघते,
आतलीला ओढून नेते.

गारांनी द्राक्षं गेली त्या वर्षी
या बॉनेटचा एकेक पोचा
बाबांनी लाकडी हातोडीने काढला होता.
ग्राइंडर हातात, आणि ते नुसतेच बघत राहिले.
मग चष्मा लावला.

दुसऱ्या दिवशी काटा नव्वदवर टेकला.
भोकातून ऊन हवा थरथरत वर,
तिच्यामागे पॉपलरची झाडं वाकडीतिकडी.
आणि जळक्या तेलाचा वास.

"व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट," बाबा म्हणाले.
"कधीपासून गळतंय कोण जाणे."
घरी पोचेपर्यंत बोलत होते.
गॅस्केटबद्दल. मग आईबद्दल, थोडंसं.
मग पुन्हा गॅस्केट.

पाऊस आला तर आत पाणी जाईल, मी म्हटलं.
ते हसले. पाऊस, आणि इथे?

स्वेटरची एक बाही मात्र गेली.
आत्याला अजून सांगितलेलं नाही.