ओढीची दिशा

साकीनाक्याला, गाळा नंबर एकवीसमध्ये
वैतीकाकांनी पहिल्या दिवशी हातात ठेवलं
एक दुधी प्लास्टिक, कांद्याच्या सालीएवढं.
"नाव लांबलचक आहे, पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड.
आपण फिल्म म्हणायचं."

मी फिजिक्सवाली. मला क्वार्ट्झ माहीत होता,
दाबला की वीज देणारा, आकृतीसकट पाठ.
आणि हे? हे तर रंगात घालतात,
ॲसिडच्या पाइपाला आतून लावतात.

"लाकूडपण देतं वीज," काका म्हणाले, "हाडपण. थोडीशी.
मग एकोणसत्तर साली जपानात एकाने
हेच ओढून बघितलं."

ओढायचं. नव्वद अंशांवर, चौपट,
आता तुटणार वाटतं तिथून अजून जरासं.
आत साखळ्या वेड्यावाकड्या निजलेल्या,
त्या सरळ होतात.
मग दोन्ही अंगांना धातूचा मुलामा,
आणि गरम तेलात बुडवून हजारो व्होल्ट.
"निवू दे. पण स्विच बंद करायचा नाय.
गरम असतानाच सोडलंस तर सगळं विसरतं,
पोरांसारखं."
काकांना पोरं नव्हती.

टोलनाक्यासाठी पट्टी केली, ट्रकचे आस मोजणारी.
सारंगीच्या घोडीखाली लावली, तर बुवा वैतागले:
काढा ही, माझी नखं ऐकू येतायत.
पाण्यातला कान केला, माहूलच्या खाडीत सोडला,
हेडफोनमध्ये कढईत मोहरी तडतडावी तसं.
मी म्हटलं, कनेक्शन ढिलं आहे.
"कोलंबी," काका म्हणाले. "चिमटे वाजवते."

रविवारी ते वेसाव्याच्या धक्क्यावर गरी टाकून बसत.
"ही दोरीपण तीच जात गो. ओढलेली.
पण विजेत बसवली नाय कुणी, म्हणून मुकी."
आणि ती मुकी दोरी तर्जनीवर टेकवून
"आला" म्हणत,
माशाला कळायच्या थोडं आधी.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली.
फिल्मला वजन कळत नाही.
वीट ठेवा: रेघ उसळते,
मग उतरत उतरत शून्य.
वीट तिथेच असते. फिल्मच्या लेखी नसते.
तिला कळतं ते फक्त
ठेवणं आणि उचलणं.

कूपरच्या वॉर्डात काकांच्या गादीखाली
आमचीच पट्टी सरकवली, सिस्टरना विचारून.
साठ किलोंचा माणूस, आता जेमतेम चव्वेचाळीस,
पडद्याला त्याच्याशी देणंघेणं नाही.
श्वास आला की एक टेकाड, गेला की एक खड्डा,
बस.

रात्री अडीचच्या सुमाराला रेघ जवळजवळ सपाट.
मी इतक्या झटक्यात उठले की स्टूल पडलं.
त्या आवाजाने काकांनी डोळे उघडले,
पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
हात गादीखाली घातला,
अंगठ्याने पट्टी चाचपली, सावकाश,
कापडाचा पोत बघावा तशी.
"आडवी लावलीस गो.
ओढीच्या दिशेला लाव."

शेजारच्या खाटेवरून कुणीतरी विचारलं,
मशीन बिघडली काय?
काका पुन्हा झोपले होते.
मी टेकाडांची उंची मोजत होते.
दुप्पट. नाही,
जवळजवळ तिप्पट.